जिप्सीचा सोमवार

पहाटे चार

मे महिन्यात ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीत दिवसभरातली गार हवा काय ती याच वेळेला. गाडी रात्रभर उभी असते, इंजिनमधलं ऑईल सगळं खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, म्हणून डिपस्टिक आत्ताच ओढून बघायची. फेरीहून आल्या आल्या बघितली तर बरंचसं ऑईल वरच अडकलेलं असतं आणि काडी कमी दाखवते. मग माणूस वरून ओततो, ऑईल गरजेपेक्षा जास्त होतं आणि सीलमधून वाट काढायला लागतं. काडी पुसली, परत घातली. दोन खुणांच्या मधे आहे.

रेडिएटरचं झाकणही इंजिन थंड असतानाच उघडायचं. आत बोअरचं पाणी कधीच घालायचं नाही. जिप्सीच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. जड पाण्याचा थर आतून बसत जातो, पाण्याची वाट अरुंद होते, आणि चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एखाद्या दुपारी काटा वर चढतो. एकदा इंजिन नको तेवढं तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं. कूलंटचा डबा महाग वाटतो खरा, पण हेडचं काम ज्याने करून घेतलंय त्याला विचारा.

मग गाडीखालचा पुठ्ठा ओढायचा. रोज रात्री तो मी इंजिनापासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत पसरून ठेवतो. काळा डाग असेल तर इंजिन ऑईल. जाड, पिवळट आणि उग्र वासाचा असेल तर गिअर ऑईल. हिरवा म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ ओल दिसली तर ब्रेक ऑईल, आणि मग ती गाडी गेटवर न्यायचीच नाही. आज डाग एकच आहे, ट्रान्सफर केसखाली, नाण्याएवढा. गेल्या आठवड्यातही एवढाच होता. वाढला की सील बदलायचं.

सेल मारल्यावर लगेच ॲक्सिलरेटर दाबू नये. ऑईल वर चढून सगळीकडे पोहोचायला थोडा वेळ लागतो, आणि इंजिनाची सगळ्यात जास्त झीज त्याच थोड्या वेळात होते.

पाच

गेटवर रांग. गाईड येतो, परवाने तपासले जातात, पर्यटक चढतात. पुढे-मागे सगळ्या जिप्सी.

मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली आणि २०१९ साली सामान्य गिऱ्हाइकासाठी तिची विक्री बंद केली. म्हणजे या रांगेतली सगळ्यात कोवळी जिप्सीसुद्धा आता बऱ्याच वर्षांची झाली आहे, आणि नवीन जिप्सी येणार नाही. जंगलाला मात्र हीच गाडी मानवते. वजनाला हलकी, मजबूत चासी, चारही बाजूंना पाटे, आणि साधं यंत्र जे झाडाखाली बसून उघडता येतं. मोहर्लीतली किती घरं या गाडीवर चालतात ते मला माहीत आहे, म्हणून तिची देखभाल हे मी फावल्या वेळचं काम मानत नाही.

साडेपाच ते साडेनऊ

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणारा मुख्य रस्ता डांबरी आहे. कडेला गोंड राजवटीतले दगडी खांब उभे आहेत. फोर बाय फोरची दांडी या रस्त्यावर टाकायची नाही. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या धुऱ्याच्या मधे डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि दोन्ही धुरे एकमेकांना बांधलेले असले की तो फरक कुठेतरी निघावा लागतो. वाळूत, चिखलात चाक जरासं घसरतं आणि फरक निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांमध्ये साठतो. दांडी परत निघत नाही असं सांगणारे बहुतेकदा डांबरावरून आलेले असतात.

पण ती दांडी महिनोन्‌महिने न वापरणंही वाईट. पुढचा शाफ्ट फिरला नाही तर तिथलं ऑईल एकाच जागी बसून राहतं, सील कोरडी पडतात. म्हणून नाल्याजवळच्या वाळूच्या वाटेवर मी गरज नसली तरी दांडी टाकतो, थोडं सरळ चालवतो, काढतो.

बाकी सगळी फेरी कमी वेगाची. हरणांचा कॉल आला की थांबायचं, इंजिन बंद करायचं, ऐकायचं. पुन्हा सेल, पुन्हा शंभर-दोनशे मीटर, पुन्हा बंद. जंगलाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण बॅटरी आणि सेल्फचा जीव यात जातो. हळू चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर फार भरत नाही, आणि काढणं तर सारखं चालू असतं. त्यामुळे बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी या दोन्हींवर उन्हाळ्यात माझी नजर जास्त असते.

मीटर सांगतं तेवढीच गाडी चालली, असं मानणं हा सफारीच्या गाडीच्या बाबतीतला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. एका फेरीत साठेक किलोमीटर होतात, त्याला चार तास लागतात. दोन फेऱ्यांचे आठ तास आणि एकशेवीस किलोमीटर. निम्मा वेळ इंजिन बंद होतं असं धरलं तरी चार तास ते चाललं, आणि हायवेवर साठच्या वेगाने चार तासांत दोनशे चाळीस किलोमीटर झाले असते. म्हणजे मीटर निम्मंच बोलतं. वरून धूळ, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं ओढणं आणि आठ माणसांचं वजन. कंपनीच्या पुस्तकात ऑईल बदलायला जेवढे किलोमीटर लिहिलेत त्याच्या निम्म्यावर मी ऑईल आणि फिल्टर बदलतो. टायमिंग बेल्टचाही हिशेब तासांनीच धरतो. तो तुटेपर्यंत काही बोलत नाही.

दहा

पर्यटक उतरले की पहिलं काम तळहाताचं. चारही हबजवळून हात फिरवायचा, न टेकवता. सगळ्यांची धग सारखी लागली पाहिजे. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग घट्ट झालंय. आज पुढचं डावं किंचित गरम वाटलं. खडूने टायरवर खूण केली.

तापलेल्या गाडीवर पाणी मारायचं नाही. सावलीत उभी करून बॉनेट उघडून ठेवायचं, आणि आपण चहा प्यायचा.

साडेदहा

आता एअर फिल्टर. माझ्या मते जंगलातल्या गाडीचं आयुष्य इथे ठरतं, म्हणून हे काम मी भाच्यावर अजून सोपवलेलं नाही.

मुरमाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तिच्यात गारगोटीचे कण असतात. ते इंजिनात गेले की पिस्टनच्या रिंगांना आणि सिलिंडरला घासत राहतात. लक्षणं उशिरा दिसतात: आधी गाडी ऑईल खायला लागते, मग निळा धूर, मग चढावर दम नाही. तोवर बोअर करण्यावाचून उपाय उरत नाही.

फिल्टर काढायच्या आधी डब्याचं झाकण बाहेरून ओल्या फडक्याने पुसायचं. नाहीतर वर बसलेली धूळ उघडताना आपणच आत ढकलतो. फिल्टर दगडावर आपटायचा नाही. आपटल्याने कागदाच्या घड्या चिरतात आणि त्या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. हवा मारायची ती आतून बाहेर, प्रेशर कमी ठेवून, नळी लांब धरून. मग आत टॉर्च लावून अंधारात बघायचं. उजेड सगळीकडे सारखा झिरपला पाहिजे, कुठे टाचणीएवढा ठिपका चमकला तर फिल्टर गेला. रबराची कड दाबून बघायची, ती कडक झाली असली तरीही फिल्टर गेला.

यानंतर लोक थांबतात, आणि खरं बघायचं असतं ते पुढेच. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाईपमध्ये स्वच्छ पांढरं फडकं गुंडाळून बोट फिरवायचं. फडकं लालसर झालं तर नवा फिल्टर घालूनही उपयोग नाही, कारण धूळ क्लिपच्या फटीतून किंवा पाईपच्या भेगेतून शिरते आहे. क्लिप पन्नास-साठ रुपयांची. फडकं आज पांढरंच निघालं.

जंगलात आणखी एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. पुढच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मागे राहायचं. पर्यटक कधी कधी म्हणतात, "भाऊ, जवळ घ्या ना." मी घेत नाही.

बारा

गाडी जॅकवर, खाली लाकडाचे ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये.

जिप्सीचा गिअरबॉक्स वेगळा आणि ट्रान्सफर केस वेगळी, दोघांना जोडणारा आखूड शाफ्ट मधे. पुढचा आणि मागचा धरून तीन शाफ्ट झाले. त्यांच्या क्रॉसना ग्रीस देणं हे आठवड्याचं काम. ग्रीसगन लावण्याआधी निप्पल पुसायचं, आणि जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत दाबायचं. जुनं बाहेर आलं नाही तर नवं आत गेलंच नाही. क्रॉस सुकला की सुरुवातीला गाडी सोडताना नुसता टक्‌ असा आवाज येतो. तेवढ्यावर ऐकलं तर क्रॉस बदलून भागतं.

पाट्यांचे यू-बोल्ट मी पान्याने आवळून त्यांच्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. यू-बोल्ट सैल झाला तर पाट्याच्या मधल्या बोल्टवर सगळा भार येतो, तो तुटतो आणि धुरा जागेवरून सरकतो. रेघा सगळ्या जुळलेल्या आहेत.

मग खडूची खूण केलेलं डावं चाक. भाच्याने ते वरून आणि खालून धरलं आणि हलवून बघितलं.

"मामाजी, वरखाली हलून राहिलं जी."

"थांब. मी ब्रेक दाबून धरतो. आता हलव."

"आता पण हलून राहिलं."

"मग काय समजायचं?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "ब्रेक दाबल्यावर चाक आणि हब एकच झाले... म्हणजे बेअरिंग नाही. किंगपिन."

बरोबर. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली असती तर चाकाचं बेअरिंग सैल असतं. थांबली नाही, म्हणजे ढिलाई आणखी आत, धुऱ्याच्या टोकाला. जिप्सीचं हे नेहमीचं दुखणं. किंगपिनची बेअरिंगं झिजली की रस्त्यात खड्डा लागल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि हातात धरून राहत नाही. जंगलातल्या वेगाला ते जाणवत नाही. चंद्रपूरच्या रस्त्यावर साठच्या वेगाला जाणवतं, आणि तिथे समोरून कोळशाचे ट्रक येतात. ढिलाई अजून केसभर आहे. पण चाक तापायचं कारण हे नव्हे. ढिलं चाक तापत नाही, म्हणून ब्रेकही बघितला. कॅलिपरच्या पिनवर धूळ घट्ट बसली होती, पॅड मोकळा सुटत नव्हता. पिना काढल्या, पुसल्या, ब्रेकचं ग्रीस लावून परत घातल्या. चाक हाताने मोकळं फिरलं.

दोन

भाकरी, झुणका, कांदा. अर्धा तास पाठ टेकायची.

तीन ते सात

दुसरी फेरी जामनीकडची. उन्हाने काटा अर्ध्याच्या किंचित वर जाऊन थांबला. बसलेल्या वाघिणीसाठी गाड्या अर्धा तास उभ्या होत्या, इंजिन बंद करून. परतल्यावर डाव्या हबची धग उजव्याएवढीच लागली.

साडेसात

धुणं. पत्रा चमकवायचा म्हणून नव्हे, तर चासीच्या कोपऱ्यांत, मडगार्डच्या आतल्या कडांवर आणि पेटी-पत्र्यांच्या खाली बसलेली माती काढायची म्हणून. ती माती ओल धरून ठेवते आणि चासी आतून सडते. इंजिन बदलता येतं, चासी बदलता येत नाही. पाणी निघून जायला पत्र्याला जी भोकं ठेवलेली असतात ती तारेने मोकळी करायची. प्रेशरचं पाणी हब, क्रॉस आणि सीलवर सरळ मारायचं नाही.

पावसाळ्यात जंगलाचा आतला भाग, म्हणजे कोअर, बंद असतो, बाहेरच्या बफरमध्ये गाड्या चालतात, तेव्हा हे काम दुप्पट होतं. गरम धुरा नाल्याच्या थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढते. धुऱ्यावरचा ब्रीदर मोकळा असेल तर ठीक, मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत जातं. त्या दिवसांत दर काही फेऱ्यांनी डिफरन्शिअलचा बोल्ट सैल करून ऑईल बघतो. दुधाळ दिसलं तर सगळं काढून नवं भरायचं, दुसऱ्या फेरीची वाट बघायची नाही.

नऊ

वही. मीटरचा आकडा, इंजिन चाललं त्याचे अंदाजे तास, काय केलं, काय बघितलं. सुटे भाग आता मुश्किलीने मिळतात. चांगला क्रॉस आणि चांगलं बेअरिंग कोणत्या दुकानात मिळालं आणि किती टिकलं, हेही त्यात असतं. लष्कराने निकालात काढलेल्या जिप्सींचे भाग बाजारात येतात, त्यातले काही नव्या नकली मालापेक्षा सरस निघतात. कोणते, ते वहीच सांगते.

उद्या मंगळवार, कोअर बंद. चंद्रपूरला दुकान उघडलं की किंगपिनची बेअरिंगं दोन्ही बाजूंची घ्यायची. एकच बाजू बदलली तर दुसरीची ढिलाई तशीच राहते आणि दोन महिन्यांत तेच काम पुन्हा उघडावं लागतं. सोबत धुऱ्याच्या टोकाचं सील आणि वेगवेगळ्या जाडीच्या शिम. बसवताना जाड शिमपासून सुरू करायचं, आणि चाक न हलता स्टेअरिंग हाताला हलकं लागेपर्यंत एकेक करून पातळ घालत जायचं. यावेळी पाना भाच्याच्या हातात द्यायचा.