वजन ११२ किलो, सायकल बॅटरीची: आधी मागचं चाक बघा

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथे भरल्या आहेत.)

इयरफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, कारण मी सुरुवातच एका आवाजाने करणार आहे. टिंग!

संध्याकाळची वेळ, कोथरूड डेपोच्या अलीकडे मी सिग्नलला थांबलेली. सिग्नल सुटला, पहिलं पेडल मारलं आणि मागून हा आवाज आला. मला वाटलं, कुणाच्या तरी गाडीखाली झाकण-बिकण आलं असेल. पुढे चाक डुलायला लागलं तेव्हा उतरून बघितलं, तर मागच्या चाकाचा एक स्पोक मुळापाशी तुटून लोंबत होता. सायकल फक्त तीन महिन्यांची. आठवड्यात आणखी दोन तुटले.

कंपनीला फोन केला. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. तिकडून प्रश्न आला, "मॅडम, रायडरचं वजन किती?" मी म्हटलं, ११२. "मग वॉरंटीत बसणार नाही. मॅन्युअलमध्ये १०० लिहिलंय." मी मॅन्युअल काढलं. खरंच लिहिलं होतं, शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. दुकानात कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं, कारण वजन हा शब्द दुकानात चारचौघांत उच्चारायची मला लाज वाटली. ती लाज मला साडेतीन हजार रुपयांना पडली. म्हणून आजचा हा भाग.

आमच्याकडे दादा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "आधी वजन कमी कर, मग सायकल घे." ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? पण माझे गुडघे चालताना दुखतात, जिमचा जिना चढतानाच मी अर्धी होते. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट उचलते, गुडघ्यावर कमी येतो, आणि मोटर असली की चढाला उतरून ढकलत जायची नामुष्की टळते. म्हणजे ज्याला ही सायकल सगळ्यात जास्त उपयोगी, त्यालाच सगळे म्हणतात थांब. मी थांबले नाही. फक्त चुकीच्या गोष्टी बघून घेतली.

मी काय बघितलं? मोटर किती वॅटची आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर. सगळे हेच बघतात. आता वॅटचं काय आहे बघा. आपल्याकडे पेडल मारताना मदत करणारी सायकल २५० वॅटपर्यंतची असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मोटर मदत थांबवत असेल, तर तिला मोटार वाहन धरत नाहीत. म्हणून लायसन नको, आरटीओ पासिंग नको. त्यामुळे दुकानातल्या बहुतेक सायकली २५० वॅटच्याच असतात. त्या आकड्यावरून निवड करण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

किलोमीटरचा आकडा जास्त फसवा. मला सांगितलं होतं, ६० जाईल. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवर. या दोघांचा गुणाकार केला की सुमारे २८० वॅट-अवर येतात. बॅटरीची टाकी केवढी, ते हा आकडा सांगतो. घेण्याआधी हा गुणाकार मोबाईलवर करा, एवढं तरी कराच. माझ्यासारख्या वजनाला, पुण्याच्या चढ-उताराला, मधल्या पातळीची मदत घेतली तर किलोमीटरला साधारण ११-१२ वॅट-अवर जातात. म्हणजे मला २४-२५ किलोमीटर मिळतात. ते ६० कुणाला मिळत असतील, तर एखाद्या हलक्या माणसाला, सपाट रस्त्यावर, सगळ्यात कमी मदतीवर.

पण एक चांगली बातमी. सपाट रस्त्यावर आपलं वजन वाटतं तेवढं आड येत नाही. २० च्या वेगाला खरी लढाई हवेशी असते. वजनाचा हिशोब द्यावा लागतो तो चढावर. मी ११२, सायकल २३, डबा-लॅपटॉपची पिशवी ५, मिळून १४० किलो. माझी मैत्रीण ६० किलोची, तेच सामान, तीच सायकल, मिळून ८८. दर ५० मीटर उंची चढायला मला १९ वॅट-अवर लागतात आणि तिला १२. मोटरमध्ये उष्णता होऊन जे वाया जातं ते वेगळंच. आणि १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नुसत्या २५० वॅटने मी ताशी १०-११ ने जाईन, ती १५ ने. मी पायांनी १०० वॅटची भर घातली तर मीसुद्धा १४ पर्यंत पोचते.

हे पायांचं महत्त्वाचं आहे. ऑफिसला जाताना मला पौड रोडने चांदणी चौकाचा चढ लागतो. (तिथलं नवं पुलांचं जाळं झाल्यापासून सायकलने कुठून घुसायचं हा स्वतंत्र भागाचा विषय आहे.) पहिले काही दिवस मी तो चढ नुसत्या थ्रॉटलवर चढत होते. वेग आठवर, मोटर हाताला चटका बसेल अशी तापलेली, बॅटरी धडाधड खाली. कारण मागच्या चाकात बसवलेली मोटर, म्हणजे हब मोटर, हळू फिरते तेव्हा विजेचा मोठा भाग ढकलण्यात न जाता गरम होण्यातच जातो. आणि मला वाटायचं, सायकलचा गिअर हलका केला की मोटरलाही सोपं जाईल. नाही जात! गिअर फक्त तुमच्या पायांना मदत करतो. हब मोटर थेट चाक फिरवते, तिला तुमच्या गिअरचा पत्ताच नसतो. पेडलपाशी बसवलेली मोटर चेनमधून ताकद देते, तिला गिअरचा फायदा मिळतो. पण तसल्या सायकली खूप महाग, माझ्या बजेटमध्ये नव्हत्या.

म्हणून आता मी चढ यायच्या आधी वेग घेते, गिअर वेळेत हलका करते आणि पाय भराभर फिरवते. वेग बाराच्या खाली येऊ द्यायचा नाही असा माझा नेम. दम लागतो. पण पोचते.

आता त्या मागच्या चाकाकडे येऊ. ह्याच्यासाठीच मी हा भाग केला.

कंपनीने हात वर केल्यावर मी आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांकडे गेले. काकांनी चाक काढलं, दोन-दोन स्पोक चिमटीत धरून दाबत गेले. काही कडक, काही अगदी सैल. म्हणाले, "ताई, तुमच्या वजनाने नाही तुटले. म्हणजे वजनाने तुटले, पण सैल होते म्हणून तुटले." मला आधी कळलं नाही. चाक फिरताना खाली येणाऱ्या स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना परत वाढतो. प्रत्येक फेऱ्याला हेच. सगळे सारखे ताणलेले असतील तर भार वाटला जातो. एखादा सैल असेल तर तो दर फेऱ्याला हलतो, वाकतो, आणि हबपाशी जिथे त्याला मोड असते तिथे एक दिवस थकून तुटतो. तार आपण पुढे-मागे वाकवून तोडतो ना, तसंच. हलक्या माणसाच्या सायकलीत हेच व्हायला वर्ष-दीड वर्ष गेलं असतं. माझ्या सायकलीत तीन महिन्यांत झालं. त्यात मोटरचं वजनही त्याच चाकात आणि मोटरचा जोरही त्याच स्पोकवरून रिमकडे जाणार.

मी यूट्यूबवर बघून गेले होते, म्हटलं, "काका, सगळ्यात जाड घाला, १२ गेजचे." गेजचा आकडा जितका लहान तितका स्पोक जाड: १४ म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १२ म्हणजे २.६ च्या आसपास. काकांनी रिमची भोकं दाखवली. म्हणाले, इथे १२ चे नीट बसणार नाहीत, आणि एवढे जाड स्पोक ओढून घट्ट केले तर रिमच भोकापाशी चिरते. १३ चे घालू, पण सगळे सारखे ताणू. चाक पूर्ण नव्याने बांधलं, आऊट काढला, आणि सांगितलं की दोनशे किलोमीटर झाले की परत आणायचं, कारण नवे स्पोक बसले की थोडे सैल पडतात. त्या चाकावर आता चौदाशे किलोमीटर झालेत. एकही तुटलेला नाही.

तेव्हा दुकानात गेलात की हा प्रश्न विचारा, आणि शक्यतो व्हॉट्सॲपवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं: "कमाल भार किती, आणि त्यात सायकलचं वजन धरलंय का?" कारण काही कंपन्या चालवणाऱ्याचं वजन सांगतात, काही सायकलसकट एकूण सांगतात. १२० लिहिलंय आणि त्यात सायकलचे २३ धरलेत, तर तुमच्यासाठी ९७ च उरले, पिशवीसकट. दुकानदार हसला तर हसू दे. एका दुकानात मला "मॅडम, तुम्हाला स्कूटर बरी" असं ऐकवलं गेलं. मी धन्यवाद म्हणून बाहेर पडले. घ्यायचीच नव्हती तिथून.

ब्रेकबद्दल थोडं. चढताना जी उंची कमावली ती उतरताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि माझ्या ब्रेकला मैत्रिणीच्या दीडपटीहून जास्त उष्णता पचवावी लागते. डिस्क ब्रेक हवाच. ऑइलचा असेल तर उत्तम. वायरचा असेल तर वायर ताणून घ्यायची आणि पॅड दर महिन्याला बघायचे. माझे पॅड चार महिन्यांत संपले, मैत्रिणीचे अजून आहेत. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही एकदम नीट दाबा, वेग कमी करा, मग सोडा. पावसात पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही असं वाटतं, म्हणून अंतर ठेवा.

टायर रुंद घ्या, दोन इंचाच्या वर, आणि हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या जरा खाली. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्याला ती दोन भोकं दिसली की तो काही न बोलता तुमच्याकडे बघतो. घरी पंप ठेवा, दर आठवड्याला भरा. पुढच्या शॉकरला भुलू नका. स्वस्तातला स्प्रिंगवाला शॉकर आपल्या वजनाला नुसत्या बसण्यानेच अर्धा दबतो, मग खड्डा आल्यावर त्याच्याकडे द्यायला काही शिल्लक नसतं.

आणि जे कुणी सांगत नाही ते. मांड्या घासतात. सैल पँट घालू नका. घट्ट, गुडघ्यापर्यंतची शॉर्ट आत घाला, लांबच्या फेरीला व्हॅसलीन लावा. मऊ, सोफ्यासारखी सीट पहिल्या दिवशी छान वाटते आणि आठव्या किलोमीटरला छळते, त्यापेक्षा रुंद पण घट्ट सीट बरी. सीट खाली ठेवून चालवाल तर गुडघे दुखणारच. पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मात्र सीटच्या दांड्यावर एक खूण असते, तिच्यावर दांडा ओढू नका, आपल्या वजनाला तो तिथेच वाकतो.

माझं वजन आता १०९ आहे. तीन किलो, सात महिन्यांत. दादा म्हणतो, बस एवढंच? पण मागच्या महिन्यात घरचा जिना मी मध्ये न थांबता चढले, ते त्याला दिसलं नाही, आईला दिसलं.

बाकी, काल उजव्या बाजूने हलकासा चुकचुक आवाज येत होता. स्पोक चिमटून बघितले, एक जरा सैल लागतोय. रविवारी सकाळी काकांकडे नेणार आहे, ते साडेदहाला दुकान उघडतात.