हवा खायला निघालेली बॅटरी

श्रवणयंत्राचा बटणाएवढा सेल पाहिलाय? पाठीवरचं चिकट लेबल सोललं की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते, आतल्या जस्ताशी तिची गाठ पडते आणि वीज सुरू. लेबल परत चिकटवलं तरी सेलचं म्हातारपण थांबत नाही.

हीच करामत गाडीत? झालीय की! १९९०च्या दशकात जर्मन टपाल खात्याने जस्त-हवा बॅटरीच्या व्हॅन चालवून पाहिल्या. चार्जिंग नाही, वापरलेलं जस्त काढायचं, ताजं बसवायचं आणि जुनं कारखान्यात धाडायचं.

मग आलं ॲल्युमिनियम. २०१४मध्ये इस्रायलच्या ‘फिनर्जी’ने माँट्रियलच्या रेस ट्रॅकवर ॲल्युमिनियम-हवा बॅटरीची गाडी पळवली. दावा होता जादा १६०० किलोमीटरचा.

या बॅटरीला तहानही लागते. १ किलो ॲल्युमिनियम साधारण १ किलो पाणी पितं, वर हवेतला सुमारे ९०० ग्रॅम ऑक्सिजन. पेट्रोलची गाडी धावता धावता हलकी होते, ही जड होत जाते! मागे उरतो पांढरा गाळ, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा. ॲसिडिटीच्या औषधात असतं तेच. (म्हणून कुणी चमचा घेऊन बॉनेटपाशी उभं राहू नये, बॅटरीतला द्रव दाहक असतो.)

लाखमोलाचा प्रश्न: ती चार्ज कुठे होते? घरी नाहीच. गाळाचं पुन्हा ॲल्युमिनियम करायला भट्टी लागते आणि किलोमागे १३-१५ युनिट वीज. बॅटरीतून परत मिळतात कागदोपत्री ८, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. विजेच्या हिशेबाने आतबट्ट्याचाच व्यवहार! शिवाय गाडी उभी असतानाही ॲल्युमिनियम झिजतं, हायड्रोजन सुटतो. म्हणून द्रव प्लेटांपासून बाजूला काढून ठेवावा लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या द्रवाची वाट लावतो.

लोखंड-हवा बॅटरी चार्ज होते, गंजाचं पुन्हा लोखंड करून. पण ती इतकी अवजड, की वीजकेंद्राच्या आवारातच शोभते.

आपल्याकडे इंडियन ऑइलने २०२१मध्ये फिनर्जीशी भागीदारी केली; २०२३मध्ये मुंबईची हिंदाल्कोही करारात आली. लिथियमसाठी आपण परदेशाच्या तोंडाकडे पाहतो, ॲल्युमिनियमचं खनिज बॉक्साइट मात्र कोल्हापूर-रत्नागिरीतही सापडतं.

माझं मत विचाराल, तर ही बॅटरी स्टेपनीसारखी वापरावी. रोजचं ऑफिस लिथियमवर, समृद्धी महामार्गावरून ७०१ किलोमीटरचं नागपूर ॲल्युमिनियमवर. पेट्रोलपंपांचं जाळं इंडियन ऑइलकडे आहेच. तिथे प्लेटा बदलून द्यायच्या, पाणी भरायचं आणि गाळ परत घ्यायचा. गाळाला भंगाराचा भाव मिळाला, तर आपली मंडळी रांगा लावतील!