गर्भपाताचा कायदा मंगळसूत्र नव्हे, आठवडे मोजतो

लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अनेक वारली जोडपी आधी संसार थाटतात, लग्न सवडीने लावतात. दिवाळीनंतर त्यातली बरीच भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधेच दिवस राहिले आणि मूल नको असलं, तर कायद्यापेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त आडव्या येतात. त्या भीतीत आठवडे सरतात, आणि कायद्याची मुख्य मोजणी तर आठवड्यांचीच आहे.

गैरसमज : पोट पाडणं हा गुन्हाच आहे.
वस्तुस्थिती : १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने तो ठरावीक अटींवर वैध केला. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावर हा कायदा उभा राहिला. जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल, बाळात गंभीर व्यंग असेल किंवा गर्भनिरोधक साधन फसलं असेल, तर २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. गुन्हा आहे तो गर्भलिंग निदानाचा. दवाखान्यातल्या भिंतीवरचे फलक त्याबद्दल बजावतात. लोक मात्र ते गर्भपाताविरुद्ध आहेत असं समजतात.

गैरसमज : लग्न झालेलं नसेल तर डॉक्टर नाहीच म्हणणार.
वस्तुस्थिती : २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसण्याच्या कलमातले ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीतही अविवाहितेला वगळता येणार नाही, असं स्पष्ट केलं.

गैरसमज : नवऱ्याची किंवा सासूची सही लागते.
वस्तुस्थिती : स्त्री १८ वर्षांवरची आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर फक्त तिचीच संमती लागते. तिचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गैरसमज : मुलगी १८ च्या आतली असेल तर नाव पोलिसांत जाणारच.
वस्तुस्थिती : इथे पालकाची लेखी संमती लागते आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना खबर द्यावीच लागते. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या खबरीत तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या त्याच निकालात म्हटलं आहे. बलात्कारातून गर्भ राहिला असेल, तर गर्भपातासाठी आधी एफआयआर दाखल झालेला असण्याची अट नाही.

गैरसमज : पाचवा महिना उलटला की सगळे दरवाजे बंद.
वस्तुस्थिती : अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग, मनोरुग्ण, बाळात गंभीर व्यंग असलेली अशा स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यानंतर बाळात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. इतर प्रकरणं उच्च न्यायालयात जातात. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणाऱ्या गर्भपाताला मुदत नाही. आठवडे मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात.

गैरसमज : मेडिकलमधून गोळ्या आणल्या की काम झालं.
वस्तुस्थिती : या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हव्यात, आणि नियमांनुसार त्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आहेत. गर्भ नळीत असेल तर त्यांचा उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर आधी तपासणी हवीच. सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजले, ताप चढला किंवा चक्कर आली तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं. भगताच्या जडीबुटीत नेमकं किती काय पोटात जातं, ते कुणालाच सांगता येत नाही.

गैरसमज : पिशवी साफ केली की पुन्हा मूल होत नाही.
वस्तुस्थिती : वेळेत, योग्य ठिकाणी केलेल्या गर्भपाताने वंध्यत्व येत नाही. उलट दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचा विषय त्याच भेटीत काढावा.

गैरसमज : खूप पैसे लागतात.
वस्तुस्थिती : राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. खासगी दवाखान्याला गर्भपात केंद्राची मान्यता लागते; ते प्रमाणपत्र मागून पाहावं. सिल्वासा किंवा वलसाडला गेलं तरी कायदा हाच आहे.

प्रत्येक सरकारी दवाखान्यात प्रशिक्षित डॉक्टर असेलच असं नाही. त्यामुळे पाळी चुकल्यावर थांबू नये. घरच्या घरी चाचणी करावी आणि त्याच आठवड्यात डहाणू किंवा कासा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर तलासरी ग्रामीण रुग्णालयात विचारावं: ही सोय इथे आहे का, नसेल तर कुठे पाठवाल? भट्टीवर असाल तर परतायची वाट न पाहता तिथल्याच सरकारी रुग्णालयात हे विचारावं.