ग्वाल्हेरच्या वंशावळी आणि कागदांचा कलह

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपला तळ स्थिर केला आणि त्या लष्कराचेच पुढे शहर झाले, तेव्हा दख्खनेतून शिलेदार, फडणीस, कारकून, भिक्षुक अशी जी कुटुंबे तेथे स्थायिक झाली, त्यांच्या वंशजांस आज वंशावळ जुळविताना घरचे मोडी रुमाल, दरबारी दफ्तर आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या एकमेकांस खोटे पाडीत आहेत असे वाटते, व त्यांपैकी एक कागद बनावट असलाच पाहिजे असा निकाल घाईने दिला जातो.

पुष्कळदा हा विरोध कागदांचा नसून कालगणनेचा असतो. मराठी घराचा महिना अमावास्येस संपतो, तर ग्वाल्हेरच्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेस. त्यामुळे एकाच पुरुषाचे निधन घरच्या टिपणात कार्तिक वद्य पंचमीस आणि स्थानिक उपाध्यायाच्या वहीत मार्गशीर्ष कृष्ण पंचमीस लिहिले असले, तरी तो दिवस एकच होय. शुक्ल पक्षाच्या नोंदींत हा घोटाळा होत नाही. सनांचे प्रकरण याहून बिकट. अरबी अंकशब्दांतले ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन 1172, जो 1771 च्या मृगारंभी लागला. त्याच वर्षी दख्खनी फसली सन 1181 होता आणि उत्तरेकडील फसली सुमारे दोन वर्षे मागे, म्हणजे 1179 च्या आसपास. ‘फसली’ एवढाच शब्द पाहून आकडा वजा करणारा संशोधक अशा प्रकारे पूर्वजास दोन वर्षे लवकर वा उशिरा जन्मास घालतो. ही विपत्ती केवळ आपलीच नव्हे: स्कॉटलंडने वर्षारंभ 1600 पासून 1 जानेवारीस नेला, इंग्लंडने मात्र तो 1752 पर्यंत 25 मार्चला ठेवला, त्यामुळे सरहद्दीच्या दोन बाजूंच्या चर्चपुस्तकांत फेब्रुवारीचा एकच दिवस दोन निरनिराळ्या वर्षांत पडतो.

दुसरा गैरसमज नावांचा. नाव बदलले म्हणजे माणूस बदलला, हे गृहीत धरणारास शिंदे घराण्यातच अडखळावे लागेल. दौलतरावांच्या विधवा बायजाबाईंनी 1827 मध्ये दत्तक घेतलेले मुगुटराव गादीवर जनकोजीराव झाले. 1843 मध्ये जनकोजीरावांच्या विधवा ताराबाईंनी दत्तक घेतलेले भागीरथराव जयाजीराव झाले. उलट, पानिपतानंतर 1761 मध्ये मारले गेलेले जनकोजी आणि हे जनकोजीराव हे एकच नाव धारण करणारे दोन भिन्न पुरुष होत. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे साध्या घरांतही असे दोन पुरुष एकात विलीन होतात, आणि दत्तक गेलेला मुलगा जन्मघरच्या यादीतून नाहीसा झाला की तो लहानपणीच वारला, असे कुणीतरी समजून घेते. स्त्रियांचा माग तर याहून लवकर तुटतो. लेखा दिव्येश्वरी देवी विवाहानंतर विजयाराजे झाल्या, ते राजघराणे असल्याने जगास ठाऊक आहे. सामान्य घरातील सुनेचे माहेरचे नाव विचारणारेही कुणी उरत नाही. स्कॉटिश नोंदींत विवाहितेचे माहेरचे आडनाव बहुधा टिकून राहते, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

सरकारी वा जुना कागद म्हणजे सत्य, हा तिसरा समज. इनामाच्या वादात दिलेली कैफियत हक्क सिद्ध करण्यासाठीच लिहिलेली असते, म्हणून तिच्यातील पूर्वज सोयीस्कर पराक्रमी निघतात; त्याच घराण्याची तीर्थातील वही, जिथे यात्रेकरू स्वतःच नावे सांगतो, वडील-आजोबांपर्यंत विश्वसनीय असते आणि त्यापलीकडे स्मृतीच्या भरवशावर चालते.

उदाहरणार्थ, शिंद्यांचा मूळपुरुष राणोजी पेशव्यांचे जोडे सांभाळणारा होता, ही कथा माल्कम व ग्रँट डफ या दोघांनी, योगायोगाने दोन स्कॉटांनीच, लिहून ठेवली; आणि घराणे कण्हेरखेडच्या पाटलांचे होते, हेही तितकेच प्रसिद्ध. ही दोन कथने परस्परांस खोडीत नाहीत, कारण पडत्या काळातील पाटलाचा मुलगा पेशव्यांच्या जवळच्या चाकरीत असणे अशक्य नव्हते. परंतु 1792 मध्ये पुण्याच्या दरबारात राणोजींचे पुत्र महादजींनी पेशवे सवाई माधवरावांपुढे जोडे ठेवून हेच आपले वडिलार्जित काम असे सांगितल्याची जी हकीकत आहे, तिचा पुरावा म्हणून उपयोग करताना दरबारी नम्रतेचा भाग वजा करावा लागतो. महादजी स्वतःस पाटील म्हणवून घेत, तेही त्याच नम्रतेने आणि त्याच ऐटीने.