घामाची फी : साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल

महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षणात साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलचे स्थान परीक्षांच्या निकालांवरून ठरवता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४० साली सुरू केलेल्या या शाळेने, ज्याच्यापाशी फीचे पैसे नाहीत त्याने अंगमेहनत करून शिकावे आणि कोणाच्याही उपकाराचे ओझे बाळगू नये, हे तत्त्व व्यवहारात आणले, यातच तिचे मोठेपण आहे.

त्या काळी खेड्यातला मुलगा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, उतरला तरी पुष्कळ शिकला असे मानले जाई. त्यापुढे मॅट्रिकपर्यंत नेणाऱ्या हायस्कुलांतली फी, पुस्तके आणि परगावी राहण्याजेवणाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याला झेपणारा नव्हता, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना तर गावात बिऱ्हाडाला जागा मिळणेही मुश्कील होते. म्हणूनच भाऊरावांनी हायस्कुलाआधी वसतिगृह उभे केले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे स्थापन झालेली संस्था १९२४ मध्ये साताऱ्यास आली आणि तेथील बोर्डिंगला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकाच चुलीवरच्या भाकऱ्या एका पंगतीत बसून खात आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे स्वतःच करीत. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. संस्थेच्या उभारणीतला त्यांचा हा वाटा पतीच्या कर्तृत्वाहून तसूभरही कमी लेखता येणार नाही.

बोर्डिंगात मुरलेली हीच रीत हायस्कुलात आली आणि ‘कमवा आणि शिका’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नादारी, म्हणजे गरिबीच्या कारणाने मिळणारी फीमाफी, इतर शाळांतही असे. परंतु ती मिळवण्यासाठी मुलाला आपले दारिद्र्य चारचौघांत सिद्ध करावे लागे, तर येथे शेतात वा बांधकामावर राबणाऱ्या विद्यार्थ्याच्या श्रमाचे मोल त्याच्या शिक्षणखर्चात वळते होत असल्याने तो वर्गात ताठ मानेने बसू शके. कुदळ धरणारा हात आणि भूमितीची आकृती काढणारा हात एकच असू शकतो, हे जातवार कामे वाटून घेतलेल्या समाजाला दाखवून देणे, हा या योजनेचा आर्थिक सोयीपेक्षाही महत्त्वाचा भाग होता.

शाळेला दिलेले नावही समर्पक होते, कारण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. पुढे १९४७ साली साताऱ्यातच संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची ही पद्धत महाविद्यालयीन पातळीवर गेली, आणि कालांतराने महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही ‘कमवा आणि शिका’ याच नावाने ती आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वीकारली.