आईची रात्र : सिकलसेलग्रस्त घरातील निद्रानाश

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या असते, शस्त्रक्रियांचे तक्ते असतात, बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले याचे आकडे असतात. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून राहणाऱ्या माणसाची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. भंडारा जिल्ह्यात हे माणूस बहुधा आई असते आणि ती आई बहुधा कामकरी असते. सिकलसेलच्या मुलाला घेऊन ती तपासणीस येते, मुलाची प्रकृती सविस्तर सांगते आणि उठता उठता, जणू काही महत्त्वाचे नाही अशा स्वरात, एक वाक्य टाकून जाते : “मले झोपच नाही लागत जी.” या एका वाक्याचा अर्थ आमचे देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम तिचा दिवस पाहू. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. मृगाच्या पावसानंतर पऱ्हे तयार झाले की रोवणी सुरू होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये बायांचे थवेच्या थवे चिखलात वाकून दिवस काढतात. पुढे कापणी, मळणी. ज्या गावांना पाण्याची सोय आहे तेथे उन्हाळी धानाची तीच फेरी पुन्हा एकदा. शेतीचे काम नसेल तेव्हा अनेक घरांत मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन विड्या वळणे चालते. मजुरी हजारी हिशेबाने मिळते, म्हणून दिवसा राहिलेला हिशेब रात्री दिव्याखाली पुरा करावा लागतो. मोहाडी परिसरातील कोशाच्या मागावर काम करणारी, शाळेत शिकविणारी, दवाखान्यात परिचारिका म्हणून पाळी करणारी, गावोगाव फिरणारी आशाताई, या साऱ्यांचे कामाचे तास वेगळे असले तरी घरी परतल्यावरची चूल सारखीच असते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की, बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. म्हणजे सुमारे पावणेपाच तासांची ही दुसरी पाळी आहे आणि तीत आजाऱ्याची शुश्रूषा अजून धरलेलीच नाही.

रोवणीच्या हंगामात पहाटे साडेचारला उठणारी आणि रात्री अकराला पाठ टेकणारी बाई, घरात कोणीही आजारी नसताना, साडेपाच तासच झोपू शकते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी असे वैद्यकशास्त्र सांगते. उधारी येथूनच सुरू होते. मग त्यात आजार येतो.

पूर्व विदर्भातील अनेक कुटुंबांत हा आजार सिकलसेलचा असतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या रचनेत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आल्याने तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना निर्माण करतात. आईवडील दोघेही केवळ वाहक असतील तर त्यांना स्वतःला सहसा काही त्रास जाणवत नाही. परंतु प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण जन्माला येण्याची शक्यता २५ टक्के असते. हा दोष आईच्या पोटचा, असे सासरी बोलले जाते ते साफ चुकीचे आहे. रुग्ण मुलाला तो दोन्हीकडून आलेला असतो. हा कुणाच्या पापाचा भोगही नव्हे. मलेरियाच्या पट्ट्यात वाहकांना तीव्र मलेरियापासून काही संरक्षण मिळत असल्याने हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षे वयापर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणीने वाहक कळतील. पण ज्या घरात रुग्ण आधीच आहे त्या घरातील रात्रीचे काय, हा आमच्यासमोरचा प्रश्न आहे.

ती रात्र नेमकी कशी मोडते हे समजून घेण्यासारखे आहे. सिकलसेलच्या मुलाच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. त्यामुळे लघवी पातळ व पुष्कळ होते, मूल रात्री दोन-तीनदा उठते किंवा अंथरूण ओले करते. पुष्कळ आया यावर उपाय म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडतात. असे मुळीच करू नये. शरीरातील पाणी कमी झाले की पेशी वाकड्या होण्याचे प्रमाण वाढते आणि जी वेदना टाळायची तीच ओढवते. तेव्हा पाणी पाजावे लागते, पाजले की उठवावे लागते, आणि हे करणारी आईच. थंडी हे वेदनेचे दुसरे निमित्त. पौष-माघात पहाटेच्या गारठ्यात मुलाच्या अंगावरचे पांघरूण सरकले तर नाही ना, हे ती चाचपत राहते. काही मुलांचे टॉन्सिल वाढलेले असतात, ती घोरतात, झोपेत त्यांचा श्वास क्षणभर अडतो. तो पुन्हा सुरू होईपर्यंत आईचाही अडलेला असतो. (असे घोरणे दिसल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे, त्यावर उपचार आहेत.) आणि ज्या रात्री हातपाय ठणकू लागतात त्या रात्री कोमट शेक, गोळी, कुशीत घेऊन बसणे, यातच उजाडते.

शिवाय तापाची धास्ती. या मुलांची प्लीहा नीट काम करीत नसल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. १०१ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यावे, असे आम्हीच तिला सांगतो. म्हणजे जागे राहण्याची आज्ञा आम्हीच दिलेली असते. ती आज्ञा चुकीची नाही. जमैका बेटावर डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांना मुलाच्या पोटावर हात ठेवून वाढलेली प्लीहा ओळखायला शिकविले, तेव्हा प्लीहेत अचानक रक्त साचून होणारे मृत्यू लक्षणीय घटले. आईचा हात हे खरोखरच एक उपकरण आहे. परंतु उपकरणालाही विश्रांती लागते, हे आपण विसरतो.

आता झोपेविषयी थोडे. झोप दोन गोष्टींनी येते. पहिली म्हणजे थकव्याचा साठा. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते जितके साचते तितकी झोप अनावर होते. चहा हेच द्रव्य मेंदूला जाणवू देत नाही. झोप जाते असे वाटते, प्रत्यक्षात ती केवळ झाकली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ, जे उजेड-अंधारावर चालते. या घड्याळाची पेशींमधील रचना उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते आणि गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात येतो. दर तासाला उठावे लागणाऱ्या आईची आवर्तने पुरी होत नाहीत. घड्याळात सात तास दिसले तरी अंगात सात तास उतरत नाहीत ते यामुळे.

याहून वेगळा आणि अधिक चिवट प्रकार म्हणजे, मूल बरे असते, घर शांत असते, तरीही आईला झोप लागत नाही. महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून कानोसा घेतल्यामुळे मेंदूने अंथरुणाची सांगड पहाऱ्याशी घातलेली असते. पाठ टेकली की छाती धडधडते. आठवड्यातून किमान तीन रात्री असे होत असेल आणि तीन महिने टिकले असेल, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. हा स्वभावदोष नव्हे, उपचारयोग्य विकार आहे. नातेवाईक मात्र म्हणतात, “लय इचार करते, म्हणून.”

त्याचे परिणाम घरापुरते राहत नाहीत. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड या संशोधकांनी दाखविले की, सलग १७ तास जागे असलेल्या माणसाच्या हातांची व लक्षाची स्थिती रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसासारखी होते. आपल्या देशात वाहन चालविण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे साडेचारला उठलेली बाई रात्री साडेनऊला याच अवस्थेत असते. आणि त्याच वेळी तिने मुलाच्या औषधाची मात्रा मोजायची असते, चुलीजवळ काम करायचे असते, ताप आला तर तो ओळखायचा असतो.

उपायांकडे येताना झोपेच्या गोळीचा विषय आधी संपवू. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मागून आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी काही दिवस गुंगी देते, पुढे सवय लावते, आणि मुख्य म्हणजे मुलाने हाक मारली तर ती ऐकू येऊ देत नाही. सिकलसेलच्या मुलाच्या आईने ही गोळी स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. गोळी आधीच चालू असेल तर एकाएकी बंद करणेही तितकेच वाईट. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करावी.

आईचे रक्त तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोह कमी पडले की रात्री पोटऱ्यांत कळवळ, मुंग्या, पाय सतत हलवावेसे वाटणे अशी लक्षणे येतात आणि ती ‘चिखलात उभं राहून पाय दुखतात’ या सदरात जमा होऊन जातात. लोह देऊन हा त्रास पुष्कळदा हटतो. मात्र आईसाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सिकलसेलच्या मुलाला परस्पर देऊ नयेत. थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ आणि उदासीनता यांचीही याच वेळी चौकशी व्हावी. तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे, पण टाळता येत नाही. खर्रा आणि गुडाखू यांतील निकोटीन झोप उडविणारे द्रव्य आहे आणि विडी वळणाऱ्या बाईच्या शरीरात ते न खाताही थोडे जाते. निदान वळणाचे काम झोपण्याच्या खोलीत आणि झोपेच्या तोंडावर करू नये.

निद्रानाशावर आज सर्वप्रथम सुचविला जातो तो उपचार गोळीचा नसून सवयींचा आहे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसावे आणि पेंग आली की परत जावे. दुपारी चारनंतर चहा नको. हे सारे पुस्तकी वाटेल, आणि एकखणी घरात उठून बसायचे कोठे असा रास्त प्रश्नही येईल. ओसरी चालते. दुपारची वीस मिनिटांची डुलकी एरवी निषिद्ध मानतात. पण ज्या बाईची रात्र मुलाने मोडली आहे तिला ती घेऊ द्यावी, असे आमचे मत आहे.

तथापि खरे सांगायचे तर आईच्या झोपेचे सर्वांत परिणामकारक औषध मुलाच्या पिशवीत असते. डॉक्टरांनी लिहून दिलेले हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्यास वेदनेचे झटके पुष्कळ कमी होतात. गुण यायला काही महिने लागतात आणि रक्ताची वेळोवेळी तपासणी लागते, म्हणून अनेक घरी ते मधेच सुटते. रोवणीच्या दिवसांत तर हमखास. हे औषध अखंड मिळत राहावे यासाठी दिलेली देणगी एकाच वेळी दोघांना पोचते.

उरते ती रात्रीची वाटणी. पूर्वरात्री बाप किंवा मोठा दीर जागा राहिला आणि उत्तररात्री आई, तर आईला गाढ झोपेचे पहिले चार तास सलग मिळतात. त्यासाठी पाणी किती पाजावे, ताप कसा मोजावा, पोटावर हात कसा ठेवावा हे बापालाही शिकविले पाहिजे; आम्ही आजवर बहुधा आयांनाच शिकवीत आलो. मन फार खचले असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असल्याने मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळू शकते का, हेही जिल्हा रुग्णालयात विचारून घ्यावे.

शेवटी आमच्या स्वतःच्या दारातील गोष्ट. अनेक रुग्णालयांत बालरुग्ण कक्षात रात्री केवळ स्त्री-सोबती राहू देण्याचा नियम असतो. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे वाटणीची वरील सारी योजना दारावरच थांबते आणि आठ-आठ दिवस एकच बाई खाटेखाली चटईवर पडून राहते. वर दिवे जळत असतात, दोन वाजता सलाईन बदलते, चार वाजता तापमान घेतले जाते. रात्री दहानंतर कक्षातील दिवे मंद करणे आणि निकडीची नसलेली कामे एकाच फेरीत उरकणे यास पैसा लागत नाही. कक्षालगत पडदा लावलेली, चार खाटांची एक खोली मात्र बांधावी लागेल, जेथे बाप मुलाजवळ बसला असता आई चार तास आडवी होऊ शकेल. विश्वस्त मंडळापुढे येत्या वर्षाच्या कामांची यादी येईल तेव्हा या खोलीचा विचार व्हावा.