पत्ता आधी, पैसे नंतर

देवगड-रत्नागिरीकडचा आंबा बागायतदार पूर्वी वाशीच्या दलालाकडे पेट्या पाठवी आणि पट्टीची वाट पाहत बसे. आता अनेकजण थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पेटी पोचवतात. दर चांगला मिळतो, पण मागण्या टिपून घेण्याचे काम अंगावर येते. फोनवर ऐकलेला पत्ता वहीत चुकीचा उतरला, की पेटी भलत्याच दारी जाते. आणि आंबा काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून संकेतस्थळावर फॉर्म ठेवायचा.

फॉर्म म्हणजे बँकेत भरतो तोच कागद. फरक इतकाच, की भरलेली माहिती आपोआप आपल्या तक्त्यात जाऊन बसते. तयार नमुने पुष्कळ मिळतात. पण शिंप्याकडे माप देऊन सदरा शिवावा, तसा फॉर्मही आपल्या धंद्याच्या मापाने बेतलेला बरा.

आंब्याच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न पिनकोडचा असावा, नावाचासुद्धा नंतर. कारण त्या भागात आपली गाडी जातच नसेल, तर ते पैसे घेण्यापूर्वीच सांगता येते. हा सहा आकडी क्रमांक आपल्याकडे १९७२ पासून आहे. इथे एक गंमत होते. एखादे आजोबा मराठी आकड्यांत पिनकोड लिहितात आणि फॉर्म म्हणतो, ‘चुकीचा क्रमांक’. चूक आजोबांची नाही, फॉर्म करणाऱ्याची. दोन्ही आकडे चालतील अशी सोय सहज करता येते. पत्त्यात ‘जवळची खूण’ हा रकानाही हवाच. दत्ताच्या देवळासमोर, एवढे कळले की पोचवणाऱ्याचे निम्मे काम झाले.

काय विचारू नये? जन्मतारीख, आधार क्रमांक, व्यवसाय. पेटी पोचवायला यातले काहीही लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे : कारण सांगा, संमती घ्या आणि कामापुरतेच मागा.

आता पैसे. कार्डाचा क्रमांक आपल्या फॉर्ममध्ये कधीही मागू नये. ‘पैसे भरा’ हे बटण दाबले, की गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या, म्हणजे बँक आणि दुकानदार यांच्यामधल्या दुव्याच्या, पानावर जायला हवे. तिथे तो कार्डाने किंवा यूपीआयने पैसे देतो. रक्कम मात्र आपल्या संगणकाने डझनांवरून काढलेली असावी. ती गिऱ्हाइकाला टाइप करायला लावू नये.

पैसे आले, हे कसे ओळखायचे? माझ्या परिचयातल्या एका बागायतदाराने मोबाइलवर आलेले ‘पैसे भरल्याचे’ चित्र पाहून दोन पेट्या रवाना केल्या. संध्याकाळी खाते पाहिले, तर एक रुपयाही जमा नाही. असे चित्र बनवणे अवघड नसते. गेटवेचा संगणक आपल्या संगणकाला परस्पर जो निरोप पाठवतो, तोच खरा मानावा आणि त्यानंतरच पेटी बांधायला घ्यावी.

उलटेही घडते. पैसे जातात, पण रेंज गेल्यामुळे पान पुढे सरकत नाही आणि घाबरलेले गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरते. म्हणून प्रत्येक मागणीला पैसे भरण्याआधीच क्रमांक द्यावा. एका क्रमांकावर दोनदा रक्कम आली, तर ते लगेच दिसते आणि जादा रक्कम आपणच परत करायची असते. खात्यातून पैसे वजा झाले, पण दुकानदारापर्यंत पोचलेच नाहीत, तर गोष्ट वेगळी. अशा यूपीआय व्यवहारात पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जावी आणि पुढे उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हे फॉर्मखाली दोन ओळींत लिहून ठेवले, तर भर हंगामातले कितीतरी फोन वाचतील.

सगळेच काही फॉर्म भरणार नाहीत. जुन्या गिऱ्हाइकांसाठी खाली फोन नंबर ठेवावा. त्यांचा फोन आला, की बोलता बोलता आपणच तो फॉर्म भरावा, पत्ता एकदा वाचून दाखवावा आणि पैसे भरण्याचा दुवा त्यांच्या मोबाइलवर पाठवून द्यावा.